कच्चं लिंबू

किल्ल्या द्यायच्या आणि परत यायचं, एवढंच काम होतं. त्यासाठी रफूताईने दुकानातून अर्धी रजा काढली होती.

शिंप्याच्या एका मोठ्या दुकानात, मागच्या खिडकीशी बसून, फाटलेल्या, जळलेल्या, कसर लागलेल्या कपड्यांना ती रफू करायची. तिचं खरं नाव दुकानात कुणाला आठवतही नसे. कपडा उलटसुलट करून पाहिला तरी भोक कुठं होतं ते गिऱ्हाइकाला सापडायचं नाही. तिला स्वतःला मात्र आपलं रफू डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून ओळखता यायचं, आणि त्याचा तिला चांगलाच तोरा होता.

त्या दिवशी दुकानात हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली होती. नव्या कारागिराने एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या. गिऱ्हाइकाने कोट अंगात घातला, हात हलवला, पुन्हा हलवला, पण काय चुकलंय ते बराच वेळ त्यालाही कळेना. रस्त्याने येताना तिने ही गंमत दादाला सांगितली. दादा एवढा हसला की त्याला ठसका लागला.

दादा तिचा मोठा भाऊ. बस चालवायचा, आता घरीच असतो. आज नात सांभाळायची पाळी त्याच्यावर आली होती, म्हणून तीही बरोबर होती. पायात चाकं बसवल्यासारखी दिवसभर फिरणारी, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. ती पहिलीत होती, पुढचे दोन दात पडलेले, आणि शंभरपर्यंत आकडे येतात हे भेटेल त्याला ऐकवायची.

किल्ल्या होत्या आईच्या लाँड्रीच्या. खाली काउंटर, इस्त्रीची लांब टेबलं आणि पाणी तापवायची टाकी. वर वाळवणाची खोली. आई गेल्यापासून सगळं बंद होतं, आणि आता विकलंही गेलं होतं. दलाल यायचा होता. शटर अडकत होतं म्हणून दादा खालीच तेल घालत बसला.

"छोटे, वर एकदा बघून ये," तो म्हणाला. "काही राहिलं असेल तर. आणि हिला ने गं बाई, ही माझं डोकं खातेय."

वरची खोली होती तशीच होती. दोऱ्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या. डावीकडे लाकडी कपाट, उजवीकडे मळक्या कपड्यांचा वेताचा पेटारा, मधे एक बुटकं स्टूल. वीज तोडलेली होती. वरच्या झरोक्यांतून दुपार उतरत होती, पण जमिनीपर्यंत पोचेपर्यंत ती पार फिकी पडायची. कपाटात एक चादर घडी करून ठेवलेली सापडली. रफूताईने कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि तिला एकदम भरून आलं. तिच्या आयुष्यातलं पहिलं रफू होतं ते, आईने हात धरून शिकवलेलं.

"आत्याआजी, मोबाइल मेला," भिंगरी म्हणाली. "आता मी काय करू?"

"आम्ही काय करायचो, ते कर."

"तुम्ही काय करायचा?"

आता हे कसं सांगायचं? रफूताईने पर्समधलं बॉलपेन काढलं आणि भिंगरीच्या डाव्या मनगटावर घड्याळ काढून दिलं. गोल तबकडी, दोन काटे आणि पट्टा. पेन मधेच कोरडं पडल्यामुळे पट्टा एका जागी तुटला.

"हे चालत नाही," भिंगरी म्हणाली.

"म्हणून तर बरं. हे म्हणेल तेवढेच वाजतात. घरी जायची वेळच होत नाही."

भिंगरीला हे भलतंच पटलं. मग रफूताईला चेव आला. तिने चादर दोरीवर टाकली, दुहेरी, आई टाकायची तशी, आणि खालच्या काठाशी स्टूल ओढलं.

"लपंडाव खेळायचा तर आधी राज्य कुणावर ते ठरवायला हवं. त्यासाठी चकायचं. तिघांनी हात टाकायचे, उताणे नाहीतर पालथे. ज्याचा हात दोघांपेक्षा वेगळा, तो सुटला."

"पण आपण तर दोघीच."

"आम्हीपण दोघंच होतो. मी आणि तुझा आजोबा. तो लबाड होता. माझा हात बघून आयत्या वेळी आपला पालटायचा. शेवटी आईने मधे चादर टांगली. एकीकडे मी, दुसरीकडे तो, आणि काठाखालून स्टुलावर हात. दिसायचे ते फक्त हातच."

"मग तिसरा हात कुणाचा?"

"तिसरा म्हणजे आणखी."

"आणखी काय?"

"नावच आणखी. आम्ही इथे दंगा करायचो आणि आई खालून ओरडायची, दोघंच आहात ना, मग आणखी कोण धावतंय? आम्ही हसून लोळायचो. तेव्हापासून आम्ही तिघं. मी, दादा आणि आणखी. आणखीचा हात दादाच घालायचा, दुसऱ्या हाताने. पण आणखी होता कच्चं लिंबू."

"म्हणजे?"

"खेळात असतो, पण धरत नाहीत तो. त्याच्यावर राज्य येत नाही. तो आउट होत नाही. त्याला नियमच नसतात."

भिंगरीने तोंड वाकडं केलं. "असं काय? हे बरोबर नाही. त्याला वाईट वाटत असेल."

रफूताईला हसू आलं. इतक्या वर्षांत हे त्या दोघांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिने आणखी एक नियम शिकवला. खेळता खेळता चप्पल तुटली, शू लागली, आईने हाक मारली, की मूठ तोंडाशी नेऊन म्हणायचं, टॅम्प्लीज. शब्द कुठून आला ते कुणाला माहीत नव्हतं. पण तो म्हटला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. म्हणणाऱ्याने स्वतः सोडवल्याशिवाय हलायचं नाही.

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही. हललं की खेळातून बाद."

भिंगरी चादरीपलीकडे गेली. तिची पावलं काठाखाली दिसत होती. "चका!" ती ओरडली.

रफूताईने उजवा हात टाकला, उताणा. स्टुलावर पलीकडून दोन हात आले होते, दोन्ही पालथे. एकाच्या मनगटावर घड्याळ. दुसरा जरा पांढुरका, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला. त्या दोन हातांत काहीतरी चमत्कारिक होतं. दोघांचे अंगठे एकाच बाजूला होते. पोरीने हात कसा वळवला असेल कुणास ठाऊक, मुलांची हाडं लवचिक असतात, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"मी सुटले," ती म्हणाली. "तू उरलीस. राज्य तुझ्यावर."

"मी एकटी कशी उरले?" पलीकडून भिंगरी भांडायला उठली. "तू दोन हात घातलेस. एक सुटला, एक उरला. पुन्हा चक!"

ही तर आजोबाच्या वरताण, रफूताईला वाटलं. तिने पुन्हा हात टाकला, या वेळी पालथा. पांढुरका हात पालथाच होता. घड्याळाचा हात मात्र उताणा.

"मीपण सुटले!" भिंगरीच्या टाळ्या ऐकू आल्या. "मग राज्य त्याच्यावर!"

"बरं बाई," रफूताई हसत म्हणाली. "राज्य आणखीवर."

भिंगरीची पावलं धडधडत कपाटाकडे पळाली. रफूताई गुडघ्यांवर हात टेकून उठली. कुठं लपावं, या वयात, या कमरेने? तेवढ्यात तिला आकडे ऐकू आले.

"एक..."

बारीक आवाज. तोंडावर कापड धरून बोलल्यासारखा.

"भिंगरे, लपणाऱ्याने मोजायचं नसतं गं."

"मी नाही मोजत," कपाटामागून भिंगरी कुजबुजली आणि फिसकन हसली.

"आणखी एक..."

आवाज चादरीशी होता. रफूताईने हात लांबवून चादर बाजूला केली. पलीकडे कुणी नव्हतं. काठ हाताला ओला लागला. कांजीचा वास आला, ताज्या, कोमट कांजीचा, आई चादरी बुडवायची तेव्हा यायचा तसा. या खोलीत कांजी शिजून किती काळ लोटला होता!

"आणखी एक... आणखी एक..."

त्याला आकडे येत नव्हते. कधी कुणी शिकवलेच नव्हते त्याला. राज्य आलं नाही, तर मोजणार कशाला? हे तिच्या डोक्यात इतकं सरळ, इतकं शहाण्यासारखं उमटलं की त्याचीच तिला जास्त भीती वाटली. शंभर आले की थांबायचं असतं. याचं शंभर कधी येणार होतं?

"भिंगरे, बाहेर ये. खेळ पुरे."

बोलवलं म्हणून बाहेर येईल ती भिंगरी कसली? ती दबा धरून बसली होती, आणि आपण हाका मारून तिची जागा दाखवतोय की काय असं रफूताईला झालं. तिला काय करावं ते सुचेना. मग लहानपणीचा हात आपोआप वर आला, मूठ तोंडाशी गेली.

"टॅम्प्लीज!"

कपाटामागची खुसखुस तिथल्या तिथे थांबली. पोर थिजून उभी राहिली असणार, शिकवल्याबरहुकूम.

"आणखी एक..." आवाज म्हणाला. जरा पुढून. चादरीपासून सुटून. "आणखी एक..."

आणि मग मोजणं थांबलं.

रफूताई उभी होती. दोरी हलत होती की तिचेच डोळे हलत होते, तिला सांगता आलं नसतं. कपाटाच्या दिशेने काहीतरी ओलं, हलकं टपटपलं आणि विरलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग खालून दादाची हाक आली, दलाल आल्याची, आणि त्याच क्षणी उजवीकडच्या पेटाऱ्याचं झाकण वर गेलं.

"भॉक!" भिंगरी म्हणाली.

रफूताईने धावत जाऊन तिला उचललं. एरवी ती तिला उचलायची नाही, कंबर भरायची. पण आता तिने तिला छातीशी इतकं आवळलं की तिला स्वतःलाच श्वास घेता येईना. सापडली होती पोर. बाकी सगळं गेलं खड्ड्यात. म्हातारपणी कान वाजतात, ओल येते, जुन्या खोल्यांत वास राहतात. तिने चादर ओढली, घडी करून पिशवीत कोंबली आणि मागे वळून न बघता जिना उतरली.

दलाल घाईत होता. त्याने किल्ल्या घेतल्या, शटर खाली ओढलं, कुलूप घातलं आणि तिथेच उभं राहून कुणाशी तरी फोनवर बोलू लागला. ते तिघं रस्त्याच्या कडेला, बसच्या थांब्याशी गेले. ऊन अजून गेलं नव्हतं. फळवाला, सायकली, शाळेतून सुटलेली मुलं. असल्या उजेडात रफूताईला स्वतःची लाज वाटली.

"दादा," तिने हसत हसत म्हटलं, "तू किती लबाड होतास रे. चकताना चादरीखालून दोन दोन हात घालायचास."

"मी?" दादा म्हणाला. "वा गं वा. दोन हात तू घालायचीस. आणखीचा हात तुझाच होता. मी एकच टाकायचो."

"चल, काहीतरीच."

"शप्पथ. माझा दुसरा हात चड्डी धरण्यात जायचा. बटणं कुठं होती तिला?"

तो हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. दोघांच्या डोळ्यांसमोर तेच आलं. त्याच्या बाजूला त्याचा एक हात. तिच्या बाजूला तिचा एक. मधे दोरीवर दुहेरी टाकलेली चादर, आणि तिच्या दोन पदरांच्या मधे वीतभरसुद्धा जागा नव्हती.

"आई गंमत करत असेल," दादा शेवटी म्हणाला.

"आई खाली असायची दादा. खालून ओरडायची. तिलाच आधी ऐकू आलं होतं."

"जाऊ दे ना आता. पोरीसमोर कशाला?"

भिंगरी दादाचं बोट धरून रस्त्यापलीकडचे विजेचे खांब बघत होती. अगदी शांत उभी होती. रफूताईला वाटलं, ही अशी शांत कधीपासून उभी राहायला लागली? तिच्या मनगटावर घड्याळ होतं. पट्टा एका जागी तुटलेला. सगळं होतं तसंच होतं. तरी तिने विचारलंच.

"भिंगरे, तू कपाटामागे लपली होतीस ना? मग पेटाऱ्यात कधी गेलीस?"

"तू टॅम्प्लीज म्हणालीस तेव्हा," भिंगरी म्हणाली.

"टॅम्प्लीजमध्ये हलायचं नसतं."

भिंगरीने खांदे उडवले आणि पुन्हा खांबांकडे बघू लागली.

रफूताईला ते तिथे, बसची वाट बघताना, पायांपासून वर चढत आल्यासारखं कळलं. तिने टॅम्प्लीज घेतली होती आणि सोडवली नव्हती. पोरीला उचलण्याच्या नादात विसरून गेली होती. आणि टॅम्प्लीजमध्ये हलू शकतो तो एकच जण. ज्याला नियमच नसतात तो.

"एक," भिंगरी खांबाकडे बोट दाखवून म्हणाली. "आणखी एक. आणखी एक."

"अगं, शंभरपर्यंत येतात ना तुला?" दादा तिला म्हणाला. "आज काय झालं?"

रफूताई पळत होती. कधी नव्हे ती पळत होती, आणि लोक बघत होते. दलालाच्या हातातून तिने किल्ल्यांचा जुडगा ओढला. "काही राहिलंय," एवढंच तिला म्हणता आलं. "माझं वर काही राहिलंय." तो कुरकुरला, पण तिचा अवतार बघून त्याने शटर वर केलं.

जिना. कांजीचा वास. वरच्या खोलीत उजेड आणखी फिका पडला होता. दोरीवर चादर होती. दुहेरी, सरळ, ओली, काठाखाली स्टूल. तिची पिशवी तर खाली दादाच्या हातात होती, घडी केलेल्या चादरीसकट.

तिने कोपरा चाचपला. रफू होतं. तिचंच वाटत होतं. बोट पुढं नेलं, मागं आणलं. कापड कुठं संपतं आणि रफू कुठं सुरू होतं ते तिला कळेना. सगळा जन्म तिने हेच केलं होतं आणि आज तिला ते कळेना.

काठाखालून, स्टुलावर, एक लहान हात आला. पालथा, डावा. मनगटावर घड्याळ, पट्टा एका जागी तुटलेला.

डावाच असणार. दोन्ही हात डावेच तर होते. अंगठे एकाच बाजूला होते, त्या कोटाच्या बाह्यांसारखे, आणि तिला काय चुकलंय ते तेव्हा कळलं नव्हतं. आता कळून काय उपयोग? यातला कुठला कुणाचा? घड्याळ दोघींच्या हातावर होतं.

"छोटे!" खालून, रस्त्यावरून दादा हाका मारत होता. "अगं, बस आली! भिंगरी इथेय माझ्यापाशी! तू कुणाला शोधतेयस?"

रफूताईने हात पुढे केला. तो हवेतच थांबला. धरावा, तर कुणाला धरतोय? न धरावा, तर कुणाला सोडून जातोय?

"आत्याआजी," चादरीच्या दोन पदरांमधून आवाज आला. रडवेला, अगदी हळू, पाय दुखत असल्यासारखा. "आता मी हलू का?"